उलट्या पिळाचा कासरा

गुरुवार, ६ फेब्रुवारी १९६४

जायचं ठरलं! शनिवार-रविवार खामगावला हस्तकलेचं प्रदर्शन आहे. आमच्या दुसरबीडच्या महिला मंडळातून तानुबाईचं मण्यांचं तोरण निवडलं. तोरणासोबत तानुबाई, आणि तानुबाईसोबत मी — तिला पाट्या वाचता येत नाहीत. ग्रामसेविका म्हणाल्या, तुम्ही वाचायचं, तिनं बोलायचं.

खामगाव मी पाहिलेलं नाही. हे दरवर्षी दिवाळीनंतर एकटेच जायचे, कापसाचा भाव बघायला. कापूस मात्र घालायचे जालन्याला. एकदा विचारलं, एवढं काय आहे तिथं? तर म्हणाले, "शहर हाय. पाह्यलं पाहिजे मानसानं."

येत्या वैशाखात यांना जाऊन दोन वर्षं होतील. आता मीच पाहते काय आहे ते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

भाकरी बांधल्या. ठेचा, एक लुगडं, ही वही. तानुबाई तीनदा येऊन विचारून गेली, गाडी नक्की सकाळचीच ना.

शनिवार, ८ फेब्रुवारी

गाडीत तानुबाईनं तोरण मांडीवरून खाली ठेवलं नाही. सुलतानपूरला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, लग्न कोणाचं आहे? तानुबाई म्हणाली, या तोरणाचंच, नवरदेव पाहायला चाललो. म्हातारा मेहकरपर्यंत हसत होता.

शाळेच्या पटांगणात मांडव. कापडाचे पडदे लावून खोल्या केल्यासारखं. प्रत्येक वस्तूखाली पुठ्ठ्याची पाटी. मी सगळ्या वाचल्या — एकही सोडली नाही! सामानाच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून मी अक्षरं शिकले. इथं इतकी अक्षरं, तीही न चुरगळलेली. मन भरेना.

एक जण कागदाच्या लगद्यात मेथीचं पीठ कालवून टोपली थापत होता. पाटी होती 'कागदकला'. आमच्या घरी अशा चार आहेत. त्यांना आम्ही टोपली म्हणतो. लाकडाची एक चिमणी होती, शेपूट दाबलं की चोच उघडते. मी पाच-सहा वेळा दाबलं. तो माणूस काही बोलला नाही, म्हणून आणखी एकदा.

तानुबाईच्या तोरणापुढं बायका थांबत होत्या. चष्म्याच्या एका बाईनं विचारलं, नक्षी कोणाकडून शिकलात? तानुबाई म्हणाली, डोळ्यांनी. ती बाई ते कागदावर लिहून घेत होती!

मग शेवटच्या रांगेत गेले. म्होरक्या, गोफणी, कासरे. आमच्याच घरच्या वस्तू, म्हणून पुढं जाणार होते. तेवढ्यात खुंटीवरच्या कासऱ्याकडं नजर गेली.

पीळ उलटा होता.

हे डावखुरे. दोर वळताना यांचा पीळ जगाच्या उलट पडायचा. गावात म्हणायचे, असला कासरा बैलाला लावू नये. हे हसून म्हणायचे, "बैलाले काय समजते डावं-उजवं." आमच्या बैलांना जन्मभर असाच कासरा.

मी तो हातात घेतला. अंबाडीचा वास ताजा. यंदाचीच अंबाडी. म्हणजे यांच्या हातचा नाही. मग असा पीळ घालणारा दुसरा एकच हात मला ठाऊक आहे — माझा दीर, निवृत्ती. उजव्या हाताचा. पण यांच्या शेजारी बसून शिकला. समोर बसला असता तर त्याचा पीळ सरळ पडला असता.

बिल्ला लावलेल्या माणसाला विचारलं, हा कोणी केला? त्याला नाव सांगता आलं नाही. म्हणाला, कापसाच्या जिनात काम करतो, उद्या रविवारी दुपारी येईल.

दहा वर्षांपूर्वी निवृत्ती घरातून गेला. गावात कोणाला कारण माहीत नाही. इथं लिहिते, कधी लिहिलं नव्हतं. ते साल कोरडं होतं. ज्वारीचा कणगा तळाला गेला होता. हे शेतात होते. निवृत्ती जेवायला बसला, तिसरी भाकर मागितली. मी म्हणाले, "आयत्या ताटावर किती दिस बसता, भाऊजी?" त्यानं अर्ध्या भाकरीवरच ताटात हात धुतला. दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरूण रिकामं.

यांना मी सांगितलं, न सांगता गेला. वर्षभर हे गावोगाव शोधत फिरले. नंतर फिरणं थांबलं. मला एकदाही विचारलं नाही, काय झालं होतं. माझ्यावर एवढा विश्वास! आणि तसेच गेले.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी उठल्या उठल्या तानुबाईला सगळं सांगून टाकलं — दहा वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी. मला वाटलं बोल लावेल. ती मणी ओवत होती, ओवतच राहिली. मग म्हणाली, "तूच सांग त्याले, त्याचा दादा गेला म्हनून. मंग त्याले काय म्हनायचं ते म्हनू दे. पन पळू नको."

पळायचा विचार माझ्या मनात होता, हे तिला कसं कळलं?

दोन गोष्टी सांगायच्या. तुझा दादा गेला. आणि तू माझ्या शब्दानं गेलास, हे त्यांना मी कळू दिलं नाही. पहिली कोणती सांगावी, यावरच दुपार झाली. मधल्या वेळात जाळं विणणाऱ्या लाकडी कोळ्याचं खेळणं पाहिलं, पण काय पाहिलं ते आता आठवत नाही.

तो चारच्या सुमारास आला. केस पांढरे, खांद्यावर अंबाडीची जुडी. तोंड पाहायच्या आधी चाल ओळखली. दोघा भावांची एकच — डावा पाय जरा घासत.

मी खुंटीजवळच उभी होते. कासरा हातात.

पुढचं आज लिहिता येत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

गाडीत लिहिते आहे. अक्षर हलतं.

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "वैनी, दोन दिवाळ्या झाल्या, दादा आला नाही. तुमाले समजलं काय त्याचं येनं? तुम्ही येऊ देल्लं नाही त्याले?"

मग त्याची नजर माझ्या कपाळावर गेली. अंबाडीची जुडी त्यानं खाली ठेवली आणि तिथंच बसला.

यांना तो वर्षभरातच सापडला होता. माझा शब्द यांनी त्याच्याच तोंडून ऐकला. आणि त्याला बजावलं, "मले समजलं हे तिले सांगू नको. वाढताना हात कापंल तिचा."

सात वर्षं मी वाढत होते. हे जेवत होते.