समुद्रातल्या गवताला खत

३ मार्च
पुन्हा तेच! दादा फोनवर म्हणतो, "गवताला पाणी घालायला कसला आलाय पगार? दिवसभर लोळत असशील." अरे, हॉटेलची हिरवळ आहे ही — तुझ्या मिशा नाहीत आपोआप वाढायला! मॅनेजर म्हणालाय, हंगामभर हिरवीगार ठेवलीस तर पक्की नोकरी. दर महिन्याला त्याला चार हजार सहाशे पाठवतो; पक्की झाली की जास्त पाठवीन आणि दादाचं दुकान उभं राहील. मग बघू कोण लोळतंय.

५ मार्च
हॉटेलसमोर उथळ पाण्यात एक बाई तळाशी चौकट ठेवून काहीतरी मोजते. विचारलं, तर म्हणाली, "गवत. समुद्रातलं. मरायला लागलंय."
समुद्रात गवत! आणि कासवं म्हणे तेच चरतात. बाईचं तोंड एवढंसं झालेलं. गवत मरतंय आणि मी माळी नुसता बघत उभा? छे!

६ मार्च
युरियाचं आख्खं पोतं पाण्यात रिकामं केलं. बाईला सांगायचं नाही. चकित होईल!

१४ मार्च
चकित झालो — मीच. पाणी हिरवं, वर शेवाळाची गोधडी. पाहुण्यांची नाकं रुमालात.
बाईला सांगून टाकलं. आधी खो-खो हसली. मग एकदम थांबली. "अरे बाबा, खतानं शेवाळ माजतं. त्याच्याखाली गवताला ऊन मिळत नाही. तेच तर मारतंय त्याला! आणि तुझ्या एका पोत्यानं एवढं होत नाही. तुमच्या हिरवळीचं खत रोज पाण्याबरोबर इथंच उतरतं."
म्हणजे रोज मीच!

१५ मार्च
हिरवळीचं खत बंद. कुणाला बोललो नाही.

२ एप्रिल
मॅनेजर ओरडला, "ही हिरवळ आहे की पायपुसणं?"
म्हटलं, साहेब, ऊन फार आहे.
"शेजारच्या हॉटेलला वेगळा सूर्य आहे का रे? संध्याकाळपर्यंत खत पडलं पाहिजे. नाहीतर गाशा गुंडाळ!"
पोतं खांद्यावर घेतलं. दादाचं दुकान डोळ्यांपुढे — पाटीसकट. पोत्याचं तोंडही सोडलं. तेवढ्यात खाली बाई दिसली. कमरेएवढ्या पाण्यात, एकटीच, दोन्ही हातांनी शेवाळ ओढून टोपलीत भरत होती. असा कधी समुद्र साफ होतो? वेडीच आहे!
पोत्याचं तोंड परत बांधलं.

६ एप्रिल
हॉटेलातून गाशा गुंडाळला. बाईच्या संस्थेत कामाला लागलो. शेवाळ काढायचं, पाण्याखाली गवताची रोपं लावायची. पगार निम्मा. दादाला अजून सांगितलेलं नाही, आकडा बघून कळेलच. आज पाठवतोय — दोन हजार तीनशे.