सवासणीचा चौक

दिल्ली

चिमीच्या बापाला नवसीचा रामराम.

मी बरी हाय. जेवण पोटभर मिळतं, पण सुकटीशिवाय घशाखाली उतरत नाय. बकरी व्याली का?

इथल्या म्युझियममध्ये एक जुनं चित्र हाय, आपण पीठ कालवतो तसे पाण्यात कालवलेल्या रंगांचं. लग्नात दारू संपते नि येशू रांजणातल्या पाण्याची दारू करतो. मला आपल्या लग्नात संपलेली ताडी आठवली! मला चित्रं काढायला बोलावणारे म्युझियमचे साहेब बोलले, हेच लग्न तुमच्या पद्धतीनं काढा. मी बोलले, काढते, पण भिंतीवर देवीचा चौक लिहिल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाय.

तिथल्या मॅडमनी विचारलं, चौक कोणीपण लिहितं का? मी सांगितलं, नाय, जिचा नवरा जिवंत हाय तीच, सवासीणच लिहिते. बोलले नि तुझा खोकला आठवला. मग तांदळाचं पीठ कालवलं नि पुरा चौक लिहिला.

कुंभवलीच्या कारखान्यात त्या खोकला आणणाऱ्या पावडरीत परत जाऊ नको. मासवणच्या डॉक्टरकडं गेलास का?

चिमी, हे बापाला मोठ्यानं वाचून दाखव. तुझ्या लग्नाचा चौक मीच लिहिणार. म्हणून त्याला औषध घ्यावंच लागेल.

तुमची नवसी