शेवटची ओळ राखून

दि. ९, रविवार
सकाळचे साडेदहा

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद. या नावानं हाक मारायचा हक्क मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. पण दुसऱ्या कुठल्या नावानं सुरुवात केली असती, तर परक्याला लिहितोय असं वाटलं असतं. तू बरी असशील. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, ती मात्र कुरकुरत नाही. तिचं तुझ्याशी फोनवर बोलणं होतं हे मला कळतं. त्या वेळी मी मुद्दाम गॅलरीत जाऊन उभा राहतो.

सकाळपासून एक आवाज कानात घुमतोय. टक्, टक्, टकाटक् टक्. साठ वर्षं झाली त्याला. चौथीचा वर्ग, शेवटून दुसरा बाक. बाई कविता म्हणायच्या, त्यांच्यामागून आम्ही चाळीस जण, आणि माझ्या शेजारचा ढोलक्या बाकाखालून बोटांच्या पेरांनी ठेका धरायचा. बाईंना आवाज ऐकू यायचा, हात दिसायचा नाही. "कोण वाजवतंय रे?" सगळा वर्ग गप्प. एकदा तर त्याच्या वाटची छडी मी खाल्ली आणि वर खुशीत होतो. त्या ठेक्यावर पाठ झालेल्या कविता अजून जशाच्या तशा येतात. परवा चष्मा कुठे ठेवला ते मात्र येत नाही.

तर तुझा ढोलक्याकाका. त्याचं नाव पहिल्याच पानावर आलं म्हणून तुला राग येईल. येऊ दे. पत्र फाडू नकोस, एवढंच.

आधी नवलाची गोष्ट सांगतो. तुझा बाप कामाला लागलाय! चाळीस वर्षं बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीतून माइकवर पुकारून लोकांच्या गाड्या सोडल्या, तोच आवाज आता घरबसल्या विकतो. इंटरनेटवर अशा कामांची एक जागा आहे. कुणाला गोष्ट वाचून हवी असते, कुणाला यंत्राच्या सूचना. गेल्या महिन्यात एका पाण्याच्या पंपाचं माहितीपत्रक वाचलं. तुझी आई म्हणाली, "पंपसुद्धा लाजेल इतक्या प्रेमानं वाचलंत."

रेकॉर्डिंग कुठे करतो, सांगू? तुझ्या खोलीतल्या कपाटात. हसू नकोस. रस्त्यावरचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून आत जाड रजया टांगल्यात, खाली स्टूल ठेवलंय, आणि दार लावून घेतो. घाम फुटतो, पण आवाज असा स्वच्छ येतो म्हणतेस!

आता फजिती. सुरुवातीलाच एक गृहस्थ भेटला. लहान मुलांसाठी कविता हव्यात, म्हणाला. आधी नमुना पाठवा. नमुना म्हणजे चार ओळी, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण कविता चार ओळींवर तोडायची कशी? मला जमेचना. एक पुरी केली तर तिच्या जोडीची कविता आठवायची. असे करत करत बावीस कविता पाठवल्या. आधी पैसे नाहीत, कागद नाही, काही नाही. उत्तर आलं, "अप्रतिम! आमचे हिशेबनीस बघतील." ते हिशेबनीस अजून बघताहेत. मग त्या माणसाचा फोटो गेला, नाव गेलं, सगळंच गेलं.

महिन्याभरानं दाढेसाठी दवाखान्यात बसलो होतो. समोर एक बाई मांडीवरच्या लेकीला फोनवर काहीतरी ऐकवत होती. माझाच आवाज! लेक रडायची थांबली होती. मी उठून सांगायला निघालो, तर तुझ्या आईनं बाही धरली. "बसा खाली. लोकांना वाटेल, दाढेचं दुखणं डोक्यात गेलं."

बसलो. खरं सांगतो, आधी अभिमान वाटला. मग ते सुख उतरलं. आपलं काम जगात हिंडतंय, लोक त्याला गोंजारताहेत, आणि आपण कोपऱ्यात बसलोय, आपल्याला कुणी ओळखत नाही. हे मी आधी कुठेतरी पाहिलं होतं. त्या शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर, तुझ्या चेहऱ्यावर.

त्यावर येतो. टाळत नाही.

घरी आलो आणि कपाटात जाऊन बसलो. रेकॉर्डिंग नव्हतं, नुसता बसलो. चष्मा खाली पडला म्हणून टॉर्च लावला, तर दाराच्या आतल्या बाजूला तुझा पिवळा कागद. इतके दिवस त्याला नाक लावून बसत होतो आणि अंधारात दिसला नव्हता. तुझं ते उतरतं अक्षर. अर्धे पैसे आल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. काय करायचं, कधी द्यायचं, किती वेळा बदल करून द्यायचे, सगळं लिहून घ्यायचं, तोंडी काही नाही. नवा माणूस आला तर आधी ज्यांनी त्याचं काम केलं त्यांना विचारायचं. बोलणं इंटरनेटवरच्या त्या कामाच्या जागेवरच ठेवायचं, बाहेर ये म्हणाला तरी जायचं नाही. नमुना छोटा, आणि त्यावर नावाची पुसट जाळी, म्हणजे कुणाला तसाच छापता येऊ नये. स्वच्छ चित्र शेवटी, पैसे खात्यात दिसल्यावरच. हप्ता चुकला की काम बंद, भांडायचं नाही, नुसतं थांबायचं.

हा कागद तू चिकटवलास तेव्हा मी काय म्हणालो होतो, आठवतं? "कलेची दुकानदारी करतेस." तू म्हणालीस, "बाबा, दुकानदाराला कुणी म्हणतं का, आधी साखर दे, आवडली तर बघू?" आणि मी चिडलो.

त्या दिवसापासून कागदाबरहुकूम वागतोय. दोघांनी काम काढून घेतलं, तिघांनी मुकाट्यानं आगाऊ पैसे भरले. एकानं विचारलं, "आजोबा, इतका अविश्वास?" मी म्हटलं, "अविश्वास नाही, पद्धत आहे." तुझंच वाक्य, तुला न विचारता वापरलं. हेही माफ कर.

कागदावर शेवटी आणखी दोन ओळी आहेत. त्यांचं नंतर सांगतो म्हणणार होतो, पण नंतर कधी? एक पेन्सिलीनं: "ओळखीचा असला तरी." आणि तिच्याखाली, वेगळ्या शाईत, दाबून लिहिलेली: "घरचा असला तरी."

म्हणजे तुला माहीत होतं. चार वर्षं मी स्वतःची समजूत घालत होतो की तुला वाटत असेल, ती चित्रं ढोलक्यानंच कुठूनतरी मिळवली.

माझ्याच हातानं लिहितो, म्हणजे पुढेमागे मलाही नाही म्हणता येणार नाही. ढोलक्या छापत होता त्या बालकवितांच्या पुस्तकाची सव्वीस चित्रं तू काढलीस. अर्धे पैसे त्यानं दिले होते. उरलेले येईपर्यंत तू त्याला जाळीवालीच चित्रं पाठवलीस, स्वच्छ राखून ठेवलीस. त्याच पैशांवर ती कामाची खोली घेणार होतीस, मोठ्या खिडकीची. मला दाखवायलाही घेऊन गेली होतीस. मग तू दोन दिवस कामानिमित्त बाहेर होतीस तेव्हा तो घरी आला. "छापखाना अडलाय. पोरगी हट्टाला पेटलीय. तू बाप ना तिचा? मी काय पळून जाणार आहे?" आणि जाता जाता म्हणाला, "प्रकाशनाला व्यासपीठावरून कविता तूच म्हणायच्यास. तुझ्याशिवाय कोण?"

चाळीस वर्षं काचेआडून बोललेला माणूस मी. सगळ्यांनी आवाज ऐकला, तोंड कुणी पाहिलं नाही. व्यासपीठ म्हटल्यावर पाघळलो. तुझा कॉम्प्युटर उघडला. त्याचा पासवर्ड मला माहीत होता. तू लपवला नव्हतास, माझ्यासमोरच टाइप करायचीस. लहानपणी तू पेन्सिली गालाशी धरून साठवायचीस म्हणून मी ठेवलेलं नाव. तेच, ज्यानं आज हे पत्र सुरू केलं.

स्वच्छ चित्रं मी कॉपी करून त्याला दिली. प्रकाशनात पडद्यावर ती झळकली, मी कविता म्हटल्या, टाळ्या पडल्या. आणि शेवटच्या रांगेत तू बसली होतीस. मी तुझ्याकडे पाहून हात हलवला, बाळ. हात हलवला मी.

त्याचा "पुढच्या महिन्यात" चार वर्षं चालला. खोली दुसऱ्या कुणी घेतली. तू गाव सोडलंस.

आता या तीन आठवड्यांतलं. ढोलक्याचा फोन आला. तेच पुस्तक आता फोनवर ऐकायचं आणि बघायचं असं होणार आहे. चित्रं हलणार, कविता ऐकू येणार. आवाज माझाच हवा, पैसे देणाऱ्या कंपनीनंच तसं सांगितलंय. मी म्हटलं, भेटायला येतो. कपाटातला कागद उतरवून घेतला, खिशात घातला आणि त्याच्या कचेरीत गेलो.

"ये ये! आवाज कसा आहे?"

"आवाज बरा आहे. आधी पोरीचे राहिलेले पैसे. मग फोनवरच्या पुस्तकासाठी चित्रांचे वेगळे, ती म्हणेल तितके. तिचं नाव पहिल्या पानावर. हे सगळं लिहून, सही करून. त्यानंतर माझ्या आवाजाचं बोलू."

तो हसत सुटला. "अरे, एका बाकावरचे आपण! तू मला कागद मागतोस?"

"एका बाकावरचे होतो म्हणून साठ वर्षं मागितला नाही."

"पोरीनं शिकवलेलं दिसतंय."

"हो. उशिरा शिकलो, पण तिच्याकडूनच."

त्यानं फाइलीत तोंड घातलं. "तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही." मी म्हटलं, "नको ठेवूस. चेकला पाय लागत नाहीत."

घरी येऊन पुरं पुस्तक रेकॉर्ड केलं. सव्वीसच्या सव्वीस कविता, असा गळा आयुष्यात लागला नव्हता. त्याला नमुना एकच पाठवला. तू काढलेली ती गोगलगाय आठवते?

गोगलगाय निघाली, पाठीवर घर,
वाट मोठी दूरची, नाही तिला डर;
सगळे गेले पुढे, ही मागून आली,
दारापाशी येऊन हळूच...

तिथे तोडली. बटणावर बोट ठेवून बराच वेळ बसलो होतो. जन्मात पहिल्यांदा कविता अर्धी सोडली. तुझी आई कपाटाबाहेर उभी. "थांबलात? तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "अरे, फाइल तुटलीय तुझी."

"तुटली नाही. तोडलीय. बाकीची पैशांनंतर."

फोन आपटला. त्यानंतर बारा दिवस काही नाही. रोज संध्याकाळी मन म्हणायचं, देऊन टाक, बिचारा म्हातारा झालाय, लहानपणचा सोबती. मग मी कपाटात जाऊन शेवटच्या दोन ओळी वाचून यायचो. कागद पुन्हा होता तिथेच लावलाय.

हे तुला कळवतोय ते तू मला माफ करावंस म्हणून नाही. म्हणजे, ते हवं आहेच. खोटं कशाला लिहू? पण त्यासाठी हे काम करत नाहीये. जे मी उघडलं ते मलाच बंद करून द्यायचंय, एवढंच. तो पैसे देणार नसेल तर

थांब. दार वाजलं.

बाळ, बेल नाही वाजवली कुणी. टक्, टक्, टकाटक् टक्. मी उठून दारापाशी जाऊन आलो. तो आहे. तीन जिने चढून आलाय, ज्याला पायरी म्हटली की धाप लागते तो. दार उघडलं नाही. आतूनच विचारलं, "कागद आणलास?"

बाहेर त्यानं धाप टाकली. मग म्हणाला, "पोरीला सांग, उशीर झाला." आणि दाराखालच्या फटीतून एक पाकीट आत सरकलं. वर तुझं पूर्ण नाव, त्याच्या अक्षरात.

तुझी आई ओरडतेय, "अहो, आत घ्या त्यांना, पाणी तरी द्या!" देणार आहे. पण आधी हे पुरं करतो.

पाकीट उघडलेलं नाही. आत पुरते पैसे आहेत, अर्धे आहेत की नुसतं गोड बोलणं आहे, मला माहीत नाही. तुझं एकदा न विचारता उघडलं होतं. हे न उघडता या पत्रासोबत पाठवतोय. पत्ता तुझी आई घालेल, मी बघणार नाही. पैसे तुझ्या खात्यात दिसले आणि तुला पुरेसे वाटले, की दोनच शब्द कळव: "पोचले, पुरले." मला कळवायचं नसेल तर आईला कळव. ते शब्द येईपर्यंत त्याला पाणी मिळेल, चहा मिळेल, बसायला खुर्ची मिळेल. गोगलगाय दारात येऊन काय म्हणाली ते मिळणार नाही. रेकॉर्डिंगला कुलूप आहे. पासवर्ड या खेपेला तुझं नाव नाही.

दार उघडायला जातो.

तुझ्या कागदावरच्या शेवटच्या ओळीतला,
बाबा