पालखीचा पहिला खांदा

मुंबई, एप्रिल १९८४

रावजीदादा,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. देवाचा गुरव तू, नमनाची गाणी रचणारा तू, गावचा सरपंचही तूच. या शिमग्याला पालखीचा पहिला खांदा तू बंदरावरच्या मासेमार खारव्यांना दिलास. आजवर तो मान आपल्या वाडीचा, आणि वाडीतर्फे माझा होता. म्हणून आपली वाडी काठ्या घेऊन देवळात शिरली. गर्दीत तुझ्या तोंडावर दांडा बसला, दात पडले.

रक्त थुंकून तू तसाच गाऱ्हाणं घालायला उभा राहिलास. "मारणाऱ्याची पोरंबाळं सुखी ठेव रे म्हाराजा."

सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा."

मीही म्हणालो, सगळ्यांत मोठ्याने. पाठीमागे लपवलेल्या दांड्यावरून तुझं रक्त माझ्या टाचेवर ठिबकत होतं.

तुझा धाकटा,
जानू