वेशीवरचा फ्लेक्स

१२ एप्रिल
यात्रेत ट्रॅक्टर रिव्हर्सची स्पर्धा जाहीर. फक्कीच्या दोन रेघांमधून ट्रॉली उलटी न्यायची. चाक रेघेवर गेलं की बाद. वेळ कमी तो पहिला, म्हणजे मीच. उद्यापासून रोज प्रॅक्टिस.

१४ एप्रिल
प्रॅक्टिस नाही. ऊन फार. शिवाय बसलेला हात प्रॅक्टिसने बिघडतो.
बायकोनेही नाव दिलंय. धनश्री रोज घासाची ट्रॉली गोठ्यापर्यंत उलटी लावते, पण स्पर्धेचं टेन्शन वेगळं असतं, हे तिला समजावलं. म्हणाली, "तुमी तुमचं बघा." बघतोच आहे.

१६ एप्रिल
मिरजगावात फ्लेक्स छापून घेतला. 'प्रथम क्रमांक'. मधोमध मी, गॉगल लावून. खाली कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून धनश्री. घरच्यांचं मन राखावं लागतं.

१८ एप्रिल, दुपारी
दुसरा आलो. शेजारचा गोरक्षनाथ तीन सेकंदांनी पहिला. धनश्री तिसरी.
फ्लेक्स घरात गुंडाळून पडलाय. हरकत घेतली. गोरक्षनाथचं चाक रेघेवर गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं नाही, पण गेलंच असणार. पंच दत्तोपंत गुरुजी म्हणाले, निकाल माइकवर सांगून झालाय. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम, यात्रेचं शूटिंग करणाऱ्या ड्रोनचा व्हिडिओ बघा.

चार वाजता
चाक खरंच रेघेवर! गोरक्षनाथ बाद, मी पहिला. निकाल फिरवायला छाती लागते. असे पंच गावोगाव हवेत. फ्लेक्स लगेच वेशीवर लावला.

सहा वाजता
गोरक्षनाथ म्हणाला, माझा बघितला तसा सगळ्यांचा बघा. कोत्या मनाचा माणूस. गुरुजींनी माझा व्हिडिओ लावला. चाक तीनदा रेघेवर. एके ठिकाणी तर रेघच पुसली गेलीय. ड्रोन तिरका उडत होता, असं सांगून पाहिलं. लोक हसले. फार लागलं मनाला.
मग धनश्रीचा लावला. चाकं शेवटपर्यंत मधोमध. सगळे नुसते बघत राहिले. मीसुद्धा.
धनश्री पहिली. निकाल असे सारखे फिरवणारे पंच काय कामाचे? उद्या लेखी तक्रार.

१९ एप्रिल
तक्रार दिली नाही. घरातलाच निकाल आहे.
फ्लेक्सवाला म्हणाला, फोटो दोन्ही आहेतच, फक्त जागा बदलतो. दुपारी नवा लागला. मधोमध धनश्री. कोपऱ्यात शुभेच्छुक मी, इतका लहान की गॉगलही ओळखू येत नाही.
जुना फ्लेक्स जपून ठेवू म्हणालो. धनश्री म्हणाली, "गोठ्यावर टाका, शेरडांना सावली हुईल."
टाकला. गॉगल वरून स्पष्ट दिसतो. ड्रोनवाल्याला सांगायला हवं.