स्वल्प पुडी

३ नोव्हेंबर १९५९
कोपऱ्यातला सेल अजून दमलेला नाही! सोबतचे सगळे कधीच गेले. बॅटरी भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची — या रहाटगाडग्यात शिशाची मऊ प्लेट घट्ट होते आणि मरते. तिला मऊ ठेवणारी परदेशी पूड आता मिळत नाही, म्हणून आम्ही शिशात लाकडाचा भुसा मळून पाहतोय. बाकीच्या प्लेटा आमच्या प्रमुखांनी, अण्णांनी मळल्या, या सेलमधली मी. मीटरचा काटा ढळत नाही. मी नुसती बघत उभी राहते.

५ नोव्हेंबर
नरसिंहअण्णा या बॅटरी-कारखान्यातल्या आमच्या संशोधन विभागाचे प्रमुख, घरचे मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचे. सारखे येऊन विचारतात, ‘काय ग क्षमा, आहे का?’ घरात कुणी आजारी असल्यासारखं!

१२ नोव्हेंबर
कोडं सुटलं — आणि ते मीच घातलेलं!
कॉफी पिताना अण्णा म्हणाले, ‘भुसा जास्त तर नाही ना घातलास?’
‘छे! तुम्ही सांगितलीत ती छोटी पुडी फक्त.’
‘पुडी? सगळी?’
‘तुम्हीच म्हणालात की, स्वल्प पुडी घाल.’
अण्णांनी कपाळाला हात लावला. ‘अग, इथल्या कन्नडात पुडी म्हणजे पूड! इथं येऊन चटणीपुडी खाल्ली नाहीस? स्वल्प पुडी म्हणजे चिमूटभर!’
मी पडले पुण्याची. कागदाची पुडी दिसली, सगळी ओतली. लाजेनं मेले. पण सेल जगला!

४ जानेवारी १९६०
कारखान्याचे साहेब म्हणाले, ‘हा योगायोग झाला. कारण दाखवा, नाहीतर मार्चअखेर विभाग बंद.’ म्हणजे मी पुण्याला परत आणि अण्णांची इतकी वर्षं पाण्यात. नवी प्लेट किती टिकते हे बघायलाच वर्ष जाईल. कारण आहे ते या टिकलेल्या प्लेटच्या पोटात. पण कापली की ही संपली. आत काही सापडलं नाही, तर दाखवायला हीसुद्धा नाही.

८ जानेवारी
अण्णा म्हणाले, ‘उद्या कापू.’ रडूच आलं. शिशाच्या तुकड्यासाठी!

९ जानेवारी
कापली. आतून लोण्यासारखी मऊ! अण्णांनी भिंग लावलं, मग मी लावलं. भुशाचा कणसुद्धा नाही! बॅटरीतल्या आम्लानं कधीच खाऊन टाकलाय.  अण्णा हळूच म्हणाले, ‘हिला मऊ ठेवणारं लाकूड नव्हेच ग. लाकडातून सुटलेलं काहीतरी.’
भुसा उकळायला ठेवलाय. पाणी तांबूस व्हायला लागलंय.