तीन आवाज पुरेत

३ एप्रिल, शुक्र.
मुरबाडच्या हळदीत काल माती खाल्ली. फर्माईश आली, बाळारामने कीबोर्डवर गाणं उचललं, मी गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाखालच्या प्रोसेसरचं बटण दाबलं आणि गिटारमधून चर्चची घंटा वाजली. पुन्हा दाबलं. घंटा पाण्यात बुडाली. तिसऱ्यांदा दाबेपर्यंत पुढचं गाणं चालू. हळदीत गाणी थांबत नाहीत, नाचणारे दम घेत नाहीत. माझं मशीन मात्र दर आवाजाआधी विचारात पडतं. मालकावर गेलंय.

परतताना टेंपोत बाळाराम (बँड त्याचा, त्यामुळे शहाणपणही त्याचंच) :
"भाऊ, गिटारचा आवाज माझ्या कीबोर्डात पन हाय. बटन येकच."
"मग काढ मला."
"काढत नाय रे. वैशाखऱ्याच्या हळदीला बघू."

मुलगी पसंत नसली की पाहुणे जाताना म्हणतात, ते 'बघू'.

५ एप्रिल, रवि.
चष्म्याचं दुकान बंद. मशीन उघडून बसलो. इतक्या वर्षांत किती आवाज साठवले, मोजायला धजलो नाही. नावं माझीच. 'ओली तार'. 'फायनल'. 'फायनल खरा'. 'सासूबाई'. 'सासूबाई' का, ते आठवेना. वाजवून पाहिलं. आठवलं. रेखाला दाखवू नये, आई तिची.

यातले कुठले लागतात? सगळेच. कुठले वापरतो? मुरबाडला तर घंटाच वापरली.

७ एप्रिल
दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायचं, आधीचं बरं की आताचं? लोक ठणकावून सांगतात. संध्याकाळी हेडफोन लावून हाच प्रश्न स्वतःला. ऐकावा तो आवाज आधीच्यापेक्षा बरा, आणि आधीचा लावला की तोच बरा.

आज एक आजी वैतागल्या. "बाला, दोनी सारखीच दिसतान. तू येक काय तं दे ना."
मलाही कोणीतरी एक काय ते द्या.

९ एप्रिल
ठरलं. तीनच. साधा, खरखरीत, सोलो. आणि तेही वेगवेगळे ठेवायचे नाहीत. मुळात आवाज एकच, बटण दाबलं की त्यात थोडी खरखर मिसळायची, दुसरं दाबलं की सोलोपुरता तो मोठा व्हायचा. मधे खंड नाही, मशीनला विचार करायला वाव नाही. उरलेल्या बटणांवर काळी चिकटपट्टी. बाकीचे आवाज पुसून टाकले, नाहीतर मन परत तिकडे जातं.

'सासूबाई' पुसताना मशीनने विचारलं, नक्की का? लग्नाच्या वेळी हे कोणी विचारलं नव्हतं.

१२ एप्रिल, रवि.
शेणव्याला तालीम, विष्णूच्या पोल्ट्रीत. विष्णू आमचा ऑक्टोपॅडवाला. कोंबड्यांची बॅच गेली की शेड धुऊन, चुना मारून रिकामी असते, नवी पिल्लं येईपर्यंत ती आमची. वास आमच्याआधीपासूनचा.

हेडफोनात गोड वाटलेला साधा आवाज मोठ्या स्पीकरवर लावला तर देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखा. घुमारा कमी केला. तरी घुमतोय. आणखी कमी. शेवटी पार शून्यावर नेला, आणि काय सांगू, अगदी हवा तसा! गोल, भरलेला.

विष्णू म्हणाला, "भाऊ, आता कसा गिटारसारखा गिटार वाटतो."
बाळाराम म्हणाला, "हां."
बाळारामचं 'हां' मिळायला लोकांची हयात जाते. सेटिंग तिथेच पक्कं केलं.

१९ एप्रिल, रवि.
काल वैशाखरे गावची हळद.

मांडव कापणी झालेल्या खाचरात. तीन बाजू मोकळ्या, चौथ्या बाजूला लांब डोंगर. पहिली तार छेडली. कोरडी ठक्क. जणू कोणी बिस्किटाचा डबा वाजवतोय. खरखरीतवर गेलो, डब्यात खडे पडले. साउंडवाल्याकडे रागाने बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं.

मग डोक्यात उजेड. घुमारा मशीनचा नव्हताच, विष्णूच्या शेडचा होता. पत्र्याचा आणि सिमेंटच्या कोब्याचा. तो शेणव्यालाच राहिला, मी फक्त शून्य घेऊन आलो. आधीचे आवाज पुसलेले. नक्की का, विचारलं होतं तरी.

वाकून दुरुस्त करायचं तर गाणी थांबत नाहीत. घामाने चष्मा धुरकटलेला, तोही चष्मेवाल्याचा. एवढ्यात धवलारीण बाई हळदीची गाणी म्हणायला बसल्या. त्या गातात तेव्हा बँड गप्प, हा नियम. वाटलं, सुटलो, आता सावकाश नीट करू. खाली वाकून बटण फिरवलं तर स्पीकरमधून खट्. बाई गायच्या थांबल्या नाहीत, पण मांडवातल्या सगळ्या म्हाताऱ्या माना वळवून माझ्याकडे. परत हात लावला नाही. शुद्ध भ्याडपणा.

पुन्हा नाच. सोलो आला. सोलोचं बटण दाबलं, देवाचं नाव घेतलं, आणि आवाज आला! गोल, लांबणारा, डोंगरापर्यंत जाणारा. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बाळारामचा उजवा हात दिसला. कीबोर्डच्या वरच्या पट्ट्यांवर. चालत होता.

तेच स्वर? हा सोलो त्याला माझ्याइतकाच पाठ. मी कान लावला. दोन गिटार? एक? माझा कुठला? मी हात थांबवला असता तर क्षणात कळलं असतं. नाही थांबवला.

टाळ्या. नवरदेवाच्या मामाने माझ्या गालाला हळद फासली. मग बाळारामच्याही. म्हणजे तोही पुरावा गेला.

२० एप्रिल
रेखाला सांगितलं.
"विचारा की त्याला सरळ."
"काय विचारू? परवा मी वाजवत होतो का?"
"तुमची बोटं दुखतायत ना?"
"दुखतायत."
"मग वाजवलंत."
वाजवल्याबद्दल शंका नाहीच. ऐकू कोण आलं, हा प्रश्न आहे. ती म्हणाली, एवढा घोर मला बाळंतपणातही नव्हता.

२२ एप्रिल
विष्णूने हळदीचा व्हिडिओ पाठवला. त्यात विष्णूच ऐकू येतो.

२३ एप्रिल
बाळाराम दुकानात, वाचायचा चष्मा बदलायला.
"भाऊ, परवाचा सोलो लय भारी झाला."
"कोणाचा?"
"म्हंजे? बँडचा."
चेहऱ्यावर काही नाही. एकतर फार मोठा लबाड आहे, किंवा त्यालाही माहीत नाही. किंवा माझी लाज राखतोय, आणि हे सगळ्यांत वाईट.

"शनवारी खर्डीला ये."
"प्रोसेसर आणू?"
"आन ना. शोभा येते."

२५ एप्रिल, शनि.
खर्डीची हळद आज. तीन दिवस संध्याकाळी स्पीकर गच्चीवर नेऊन, उघड्यावर, घुमारा थोडा थोडा परत भरला. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून मत दिलं. आवाज अजून तीनच. चौथा करायचा मोह दोनदा झाला, आवरला. बरा लागतोय, असं वाटतं. वाटण्यावर आता माझा भरवसा नाही.

टेंपो येईल इतक्यात. मनाशी एक ठरवलंय, इथे लिहून ठेवतो म्हणजे ऐनवेळी पळता येणार नाही. सोलोच्या मधोमध तारांवरून हात उचलायचा. डोळे उघडे ठेवून, एक ओळभर.

आवाज तुटला, लोक थबकले, बाळारामने रागाने बघितलं, तर मी बँडमध्ये आहे.

आणि नाहीच तुटला, तर नाचणारे नाचत राहतील, टाळ्याही पडतील, आणि ती ओळ संपल्यावर हात परत खाली ठेवायचा की नाही, हे काही अजून... टेंपोचा हॉर्न.